अंबूबाईला कोल्हापूर दाखवलं

भाड्याचा भगवा फेटा डोक्यावर चढला तसे हंबीरराव घामाघूम झाले. आता पेठेतलं एखादं ओळखीचं थोबाड समोर आलं, तर मेलोच! शिवाजी पेठेतला साठी उलटलेला गडी, आणि बायकोला शेजारी उभी करून न्यू पॅलेससमोर फोटो काढून घेतोय. तालमीच्या कट्ट्यावर बसून असल्या पावण्यांची त्यांनीच जन्मभर टर उडवली होती.

पण इलाज नव्हता. परवा त्यांच्या लेकीनं, क्रांतीनं, चार पाहुण्यांदेखत विचारलं होतं, "बाबा, चाळीस वर्षांत आईला एकदा तरी रंकाळा दावलासा काय?" अंबूबाई नुसती भाकरी थापत राहिली. हंबीररावांना मान वर करता येईना. लोक बाईलवेडा म्हणतील, ह्या भ्यानं त्यांनी तिला कधी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नेलं नव्हतं. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तिच्या तोंडून एकदा तरी 'बरं वाटलं' ऐकायचंच, असं त्यांनी ठरवलं.

दिवसही बघूनच निवडला. फुटबॉलची मोठी मॅच, समदी पेठ मैदानावर.

"आज? रविवारी?" अंबूबाई दचकलीच होती.

"व्हय. कोण बघाय न्हाय. चल की!"

पॅलेसात तोंड वासून हिंडले ते हंबीररावच. "आगं, पेंढा भरल्याला वाघ बघ केवढा!" ती "हां" म्हणायची आणि पुढं चालायची. बाहेर पडताना ते भलतीकडंच वळले, तर दार तिनंच दाखवलं. बाई हुशार हाय, त्यांना वाटलं.

रंकाळ्यावर रिक्षातून उतरल्या उतरल्या अंबूबाईनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. मग पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला.

"थंडी वाजतीया?"

"न्हाय."

दोघं कठड्यावर बसली. पाण्याकडं बघतच हंबीरराव म्हणाले, "अंबू, चुकलं माझं. लोकास्नी भिऊन तुला घरात कोंडली. आता दर रविवारी हितं यायचं. मॅच गेली खड्ड्यात."

अंबूबाईचे डोळे भरून आले. ती काहीतरी बोलणार होती.

तेवढ्यात भेळेच्या गाडीवरची बाई पुडा घेऊन आली. कुणी मागितलाही नव्हता.

"काकी, आज उशीर? घ्या, तिखट जास्त टाकलंय." मग ती हंबीररावांकडं वळली. "बरं केलंसा पावणं, संगं आलासा. मालक वारल्यापासनं दर रविवारी एकट्याच येत्यात बिचाऱ्या. तुमी कोण त्यांचं?"

हंबीररावांनी बायकोकडं बघितलं.

"लांबचं पावणं हायत," अंबूबाई म्हणाली. "कोल्हापूर बघाय आल्यात."