मोठं भांडं

"आई, पाण्याची घनता मिलिलिटरमागे मोजतात, मग हवेची लिटरमागे का?" लेकीने पुस्तकातून डोकं वर काढलं.

मी कणीक मळत होते. "हवा विरळ असते गं. इवल्याशा मिलिलिटरमागे मोजलीस तर दशांशचिन्हापुढे नुसती शून्यं. म्हणून भांडं मोठं घ्यायचं. हवा तीच, पण आकडा दिसतो."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिचे बाबा बोटीवर नोकरीला. ते घरी असतात त्या तारखांना ती लाल गोल करते. या महिन्याचं पान कोरं होतं.

तिने ते कॅलेंडर उतरवलं. अख्खं वर्ष एकाच पानावर असलेलं बँकेचं कॅलेंडर तिथे टांगलं आणि एप्रिलमधले सगळे गोल त्यावर पुन्हा काढले.

"आता दिसतात बाबा."

मळून झालेली कणीक मी पुन्हा मळायला घेतली.