अबरा मंडळाचा तेरावा बिल्ला

खाडीच्या धक्क्यावर शाळेचे स्काउटमास्तर मुश्ताक सर खांद्यावर फावडं घेऊन, ओठ घट्ट मिटून उभे होते. बर दुबईतले निम्मे रत्नागिरीकर त्यांच्यापासून चार हात लांब उभे होते. जवळ कोणी येईना. जवळ गेलं की सलाम करावा लागतो, आणि सलाम केला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि सरांना आज मगरिबची अजान होईपर्यंत बोलायचं नव्हतं.

अबरा मंडळाचा नियमच तसा होता. स्काउटांनी आपल्यातूनच मतं टाकून निवडलेल्यांचं हे मानाचं मंडळ. निवडून आलेल्याने पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत मुक्याने श्रम करायचे, मग छातीवर अबऱ्याचा, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीचा, कापडी बिल्ला. मंडळ काढलं सरांनी. नियम लिहिला सरांनी. निवडून येऊनही मंडळात शिरता आलं नव्हतं ते फक्त सरांना.

पहिल्या वर्षी अबरेवाल्याने एक उतारू जास्त मोजला आणि सरांनी दुरुस्ती केली. दुसऱ्या वर्षी शिंक आली आणि सर 'अल्हम्दुलिल्ला' म्हणाले. नमाजाला सूट होती, शिंकेला नव्हती. मंडळाचा अध्यक्ष वली, वय वर्षं चौदा, तेव्हा म्हणाला होता, "सर, रूल इज रूल."

मंडळाचं वय तीन वर्षं आणि स्मृतिबिल्ले बारा. पहिल्या शेकोटीचा, पहिल्या वाळूच्या वादळाचा, तंबू उडून गेल्याचा, तंबू सापडल्याचा. बाराव्या बिल्ल्यात आधीच्या अकरा बिल्ल्यांचं स्मरण होतं. सगळे सरांच्या बायकोने, सुरैय्याने, भरले होते. सरांचा सभासदाचा बिल्लाही तिने पहिल्याच वर्षी भरून ठेवला होता. दर वर्षी या दिवशी ती तो पर्समध्ये घालून बाहेर पडे आणि संध्याकाळी परत बिस्किटांच्या डब्यात टाके.

यंदा सगळं सुरळीत चाललं होतं. शाळेच्या फाटकातली वाळू सरांनी मुकाट उपसली होती. फक्त मुंबईची बोट उद्या यायची ती आजच आली. बोटीने वेळेआधी यायची आखातात पद्धत नव्हती, त्यामुळे ते कोणीच धरून चाललं नव्हतं. आणि त्या बोटीवर सरांची आई होती.

बाहेर नांगरलेल्या बोटीवरून उतारू भरलेला पडाव धक्क्याला लागला. हव्वाबी उतरल्या. काखेत कोकमांचं गाठोडं, डोळे लेकावर. चार वर्षांनी बघत होत्या. सरांनी कपाळाला हात लावला, मान झुकवली, हसले.

"काय रे, आईला सलाम करायला पण विसरलास?"

सरांनी मावळतीकडे बोट दाखवलं. सूर्य अजून वीतभर वर होता. हव्वाबींनी सूर्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"ऊन बाधलंय ह्याला!"

"मां, तुम्ही आधी घरी चला, मग सांगते," सुरैय्या म्हणाली.

"थांब गं. माझ्या पोराची वाचा गेली नि तू हसतेस?" हव्वाबी पुढे झाल्या. गाठोडं खाली ठेवून त्यांनी लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मुश्ताक. बाळा. अस्सलाम आलेकुम."

"सर, डोन्ट!" वली मागून कुजबुजला.

सरांनी सूर्याकडे पाहिलं, वलीकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"वालेकुम अस्सलाम, मां! वालेकुम अस्सलाम!"

फावडं धक्क्यावर आपटलं. गर्दीतून "अरेरे" उठलं. "आउट," वली म्हणाला, पण हे म्हणताना त्याला रडू येत होतं. सुरैय्याने सासूला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हव्वाबींनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"पोरांनो, तुमच्यात मोठा कोण?"

वलीने हात वर केला.

"बाबा रे, नऊ महिने हा माझ्या पोटात होता. एक चकार शब्द बोलला नाही. त्यातला एक दिवस ह्याच्या नावावर धर."

वली गडबडला. "पण दादी, नुसतं गप्प नाही चालत. वर्क करायला लागतं. फुल डे."

"लाथा मारायचा! दिवसरात्र! त्याला काम नाही तर काय म्हणायचं?"

मंडळाची तातडीची सभा तिथेच, तागाच्या गठ्ठ्यांमागे भरली. दिवस जन्मानंतरचाच हवा असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं; नियम लिहिताना सरांना ते सुचलंच नव्हतं. आतून आधी कुजबुज, मग हसणं, मग एकदम टाळ्या ऐकू आल्या. वली बाहेर आला, ताठ उभा राहिला, तीन बोटांची सलामी दिली.

"सर, इन!"

सुरैय्याचा दोरा पर्समध्येच ओवलेला होता. पलीकडे अजान सुरू झाली तेव्हा ती सरांच्या छातीवर बिल्ल्याचा शेवटचा टाका घालत होती. अजान संपल्यावर सरांनी आभाराचं भाषण करायला तोंड उघडलं, तर अख्खा धक्का ओरडला, "खलास, सर, खलास! पुरे झालं!"

महिन्याभरात तेरावा स्मृतिबिल्ला निघाला. निळी खाडी, त्यात बोट आणि बोटीच्या वर एक इवलंसं गुलाबी पाऊल. हव्वाबींनी स्वतः भरलेलं. शारजाची तुकडी शिबिराला आली, तेव्हा त्यांच्या मास्तरांनी बिल्ला निरखून विचारलं, "हे पाऊल म्हणजे लांब पल्ल्याच्या पायी मोहिमेची खूण का?"

मुश्ताक सर यावर काही बोलले नाहीत. अखेर ते मंडळाचे सभासद होते.