न वाकणारा गुडघा

हार काही नवऱ्याच्या डोक्यावरून जाईना. अंतरपाट दूर झाला होता, अक्षता पडून गेल्या होत्या आणि सात फुटी आर्सेनीपुढे पाच फुटी इरा टाचा उंचावून उंचावून दमली होती.

"वाक रे बाबा!" दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनमधल्या त्या हॉलमधलं अख्खं वऱ्हाड ओरडलं.

"सॉरी. घुटना प्रॉब्लेम," आर्सेनी म्हणाला. "ऑपरेशन. नो बेंडिंग."

शेवटच्या रांगेत फुगून बसलेल्या दत्तप्रसादांना, म्हणजे नवरीच्या बापाला, मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे लग्न त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मुलगा रशियन, तेही एक वेळ चाललं असतं. पण बास्केटबॉल खेळून छत्तिसाव्या वर्षी रिटायर! सासरा अबू धाबीतल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये अजून लोखंड उचलतोय आणि जावई निवृत्त! "बास्केट त्यानं कमीच केल्या, बाबा. पण पास असा द्यायचा की समोरचा चक्रावून जायचा," इरा कौतुकानं सांगायची. "म्हणजे बॉल दुसऱ्याच्या गळ्यात," असं म्हणून ते उठून जायचे. कन्यादानसुद्धा त्यांनी धाकट्या भावावर ढकललं होतं.

कुणीतरी खुर्ची आणली. "नको, नऊवारी अडकेल," इरा म्हणाली. श्रीनाथमामानं भाचीला उचलून पाहिलं. ती बोटभर वर गेली आणि मामाच खाली बसला. हॉल हसून लोटपोट झाला.

मग आर्सेनीनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "पापा? ओन्ली यू स्ट्राँग."

एवढं ऐकल्यावर तीस वर्षं लोखंड उचललेला माणूस बसून राहतो होय! दत्तप्रसाद बाह्या सरसावतच आले. "यल्ला, बाजूला व्हा!" लहानपणी गणपतीचा मुकुट दाखवायला उचलायचे, तसं त्यांनी लेकीला वर धरलं. हार पडला. टाळ्या, शिट्ट्या, सनई, नुसता कल्ला. इरा वरून "बाबा, बाबा!" करत खिदळत होती आणि बाबांचा राग कुठल्या कुठे पळाला होता.

"कन्यादान मीच करणार," त्यांनी जाहीर करून टाकलं.

तेवढ्यात आर्सेनीनं त्यांना नमस्कार केला. दोन्ही गुडघे टेकून, थेट पायांवर डोकं.

दत्तप्रसाद बघतच राहिले. "अरे, तुझा गुडघा?"

जावयानं खालूनच डोळा मारला.

"एकोणीस साल यही काम किया, पापा. देखने का उधर, पास देने का इधर."