पांढरी ओढणी

मठात आलेल्या विधवेला काळी ओढणी मिळे, कुमारिकेला पांढरी. मेंसिया राणी दारात उभी राहिली तशी मठातली तोदाबाई दोन्ही ओढण्या हातात घेऊन अडली. “थोरल्या बाई, राणीसाहेबांना कुठली देऊ? नवरा तर तिकडे लेओनच्या गादीवर धडधाकट बसलाय.” “नवरा कसला?” मठाच्या थोरल्या बाई करवादल्या. “दोघं चुलत भावंडं निघाली म्हणून पोपनं लग्नच रद्द केलंय. झालंच नव्हतं म्हणे. पांढरी दे.” “आणि दीड महिन्याचा युवराज?” “तो राजाचा. तिकडेच वाढेल.” प्रार्थनेत मेंसियाला कुमारिकांच्या रांगेत, पंधरा वर्षांच्या पोरींत बसवलं. तेवढ्यात खिडकीबाहेर माळ्याचं तान्हं भुकेनं रडायला लागलं. मेंसियाचा झगा पुढून दोन ठिकाणी ओला झाला. शेजारची पोर कुजबुजली, “बाई, अंगावर पाणी सांडलं का?” “हो, पाणीच,” मेंसिया म्हणाली, आणि पांढरी ओढणी तिनं छातीशी घट्ट दाबून धरली.