पायडल

घराजवळच्या वळणावर यांची बुलेट धडधडली की मी चहाचं आधण ठेवायची. वीस वर्षांचा रिवाज. आता बुलेट गोणपाटाखाली, अन् हे माझी शाळेत जायची लुना घेऊन बाजारात! कवा मागं येऊन उभे राहतात, पत्ताच लागत नाही. आज भाकरी थापता थापता मी भडकलीच.

"मास्तरणीले शाळेत पायी धाडता, अन् लुना कोपऱ्यापासून पायडल मारत आणता म्हणे! रोज पेट्रोल संपवून राह्यले काय?"

"पेट्रोल हाय," हे दारातून म्हणाले. "इंजिन मीच बंद करतो. बुलेटचा आवाज आला की तू गाणं थांबवायची. वीस वर्षं मले मालूमच नव्हतं, तू गाते म्हणून."