ड्रायव्हरच्या मागची सीट

"ट, प, र, ग, ण." एका डोळ्यावर तळहात ठेवून त्याने घडाघडा म्हणून दाखवलं.

"बाबा," लेक म्हणाली, "त्या ओळीत यातलं एकही अक्षर नाहीये."

तक्ता तिने स्वतः काढून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला होता. शाळेत डोळ्यांचा धडा झाला होता. घरातल्या एका मोठ्या माणसाची नजर तपासा, बाईंनी सांगितलं होतं, आणि नुसतं लिहून आणू नका. जे कळेल त्यावर काहीतरी करा.

तो तिच्याच शाळेची बस चालवायचा. ऑफिसातल्या तपासणीचा तक्ता दरवर्षी तोच असे, आणि तो त्याला पाठ होता. डॉक्टरांनी केव्हाच बजावलं होतं, डोळ्याचा पडदा झिजतोय, चष्म्याने भागणार नाही, गाडी सोडा. हे त्याने बायकोच्याही कानावर घातलं नव्हतं. गाडी सोडून खायचं काय?

"बाईंना सांगशील?"

"नाही."

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. चौथीतल्या पोरीच्या तोंडाला आपण कुलूप लावलं, हे दिवसभर मनाला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मैत्रिणींना सोडून त्याच्या मागच्या सीटवर बसू लागली. घरात तिला सगळे घुमी म्हणत. बसमध्ये मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "बाबा, ते आजोबा बघा, भर रस्त्यातून चाललेत, जसा काही यांचाच रस्ता!" "बाबा, वळणावर त्या हातगाडीवर केवढी केळी!" तो हसायचा आणि हसता हसता वेग कमी करायचा. आठवडा सुरळीत गेला. कुठे घासलं नाही, कुठे कचकन ब्रेक नाही. डॉक्टर काय, घाबरवतातच, असं तो मनाशी म्हणू लागला. टोचणी बोथट होत गेली.

शनिवारी घुमीला ताप आला. तो एकटाच निघाला. पहिला थांबा कोपऱ्यावरच होता. मुलं चढली, पण गलका नाही, ढकलाढकली नाही. जो तो मुकाट आपापल्या खिडकीशी गेला. घुमीची मैत्रीण तडक त्याच्या मागे येऊन बसली.

"तू इथे कशी गं?"

"आज तिच्या बदली मी. तिने फोन केला होता."

"कसली बदली?"

"सांगू नकोस ए!" मागून कोणीतरी दबक्या आवाजात दटावलं. पण तिला राहवलं नाही.

"आम्ही खिडक्या वाटून घेतल्यात, काका. ज्याला जे दिसेल ते त्याने हळूच पुढे कळवायचं. मग इथे बसणारीने ते तुम्हाला सांगायचं." ती घुटमळली. "पण गप्पा मारल्यासारखं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्याने आरशात पाहिलं. चेहरे नीट ओळखू येईनात. एवढंच कळलं, की त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळी बाहेर बघत होती.

त्याने गाडी बंद केली आणि ऑफिसचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत असताना मागून एक बारीक आवाज आला, "काका, चला ना. माझ्या बाजूला सगळं मोकळं आहे."