वैजूची सायकल

जावयाला टाकून बोलू नये म्हणतात. पण दिवाळसणाला आलेल्या जावयानं तरी ताळतंत्र सोडू नये की!

आमच्या वैजूनं ज्या जुन्या पोलादी सायकलवर जिल्ह्याची शर्यत मारली, तिचा नुसता सांगाडा माळ्यावर उरला होता. जावयांनी तो खाली काढून नव्यानं जोडायला घेतला. नवं चाक मागच्या चिमट्यात शिरेना, तर जुना बाजार पालथा घालून त्या मापाचं हुडकून आणलं. पेडलच्या आसाचे आटे जुळेपर्यंत जेवले नाहीत. मला वाटलं, बायकोचं कौतुक आहे पठ्ठ्याला.

आज सायकल उभी राहिली. वैजूनं हरखून टांग टाकली, तर सीटवर बसताच येईना.

"अगं, माझ्या उंचीची केलीय. दिवाळसणाची भेट म्हणून मीच नेतो," जावई हसले. वैजू आत वळली.

मी तिला दंडाला धरून थांबवलं. "जावईबापू, चाकाचं माप घेतलंत, आट्यांचं घेतलंत, जिची सायकल तिचं नाही घेतलंत. सीट तिच्या पायाला जुळेस्तोवर या घरात तुमचं ताट मी वाढायची नाही."